इंजिनच्या जोडासाठी लिक्विड गॅस्केट कसे निवडावे

सावद्याहून केळी भरून निघालेली एक पिकअप गेल्या उन्हाळ्यात चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढू लागली आणि पहिल्याच वळणांवर ऑईल प्रेशरचा लाल दिवा लागला. चालकाने शहाणपणा केला, इंजिन तिथेच बंद केले आणि गाडी ओढून आमच्या गॅरेजला आणली. "भाऊ, पहिले तेल गळी ऱ्हायनं व्हतं, आते दिवाच लागी गया," एवढेच तो म्हणाला. आठ दिवसांपूर्वी दुसरीकडे कुठेतरी ऑईल चेंबर (इंजिनच्या तळाचे तेलाचे भांडे) उतरवून सीलंट, म्हणजे जोडातली गळती रोखणारे ट्यूबमधले लिक्विड गॅस्केट, लावून पुन्हा बसवला होता. आम्ही चेंबर खोलला तेव्हा बाहेरून जोड अगदी कोरडा होता, तेलाचा एक थेंब नव्हता. आत मात्र ऑईल पंपाच्या स्ट्रेनरच्या जाळीवर शेवयांएवढ्या जाडीच्या राखाडी तारा चिकटलेल्या होत्या. काही बोटाच्या पेराएवढ्या, काही बारीक तुटलेल्या, आणि त्या मिळून जाळीचा अर्ध्याहून अधिक भाग झाकून बसल्या होत्या. चेंबर बसवताना आतल्या बाजूला दाबून निघालेला जास्तीचा सीलंट वाळला, गरम तेलात सुटला आणि पंपाने तो जाळीवर ओढून घेतला.

वापरलेला सीलंट चांगल्या प्रतीचा होता. चूक होती ती प्रमाणात आणि त्याआधी विचारात. गॅरेजला नवी आलेली मुले आणि घरी स्वतः काम करणारे वाहनमालक दुकानात जाऊन "सगळ्यात चांगली ट्यूब कोणती?" असे विचारतात. या प्रश्नाला खरे उत्तर नाही, कारण सगळ्या जोडांना चालेल असा एकही सीलंट अजून बनलेला नाही. विचारायचे ते जोडाबद्दल: तो कशाचा आहे, त्यात फट किती राहते, त्याच्या आत काय वाहते, तो किती तापतो आणि चालत्या गाडीत किती हलतो. ही पाच उत्तरे हाती असली तर ट्यूब जवळजवळ आपोआप ठरते. पुढे मी हेच कामाच्या क्रमाने, पायरीपायरीने सांगत आहे.

पहिली पायरी: सीलंटची गरज आहे का, हे ठरवणे

इंजिनमध्ये असे कितीतरी जोड आहेत जिथे सीलंट लावणे हीच चूक ठरते. हेड पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले गॅस्केट) त्यात सर्वांत वर येते. आजच्या बहुतेक गाड्यांत ते स्टीलच्या अनेक पातळ थरांचे असते, त्यावर कारखान्यातच लेप दिलेला असतो आणि ते कोरडेच बसवायचे असते. त्यावर शेलॅक किंवा सिलिकॉन (दोन्ही सीलंटचेच प्रकार) फासले तर थर नीट दबत नाहीत, शिवाय पाण्याच्या व तेलाच्या बारीक वाटा बुजण्याचा धोका राहतो. जुन्या मिस्त्रींची वेगळी सवय असते आणि त्यांच्या काळातल्या पॅकिंगला ती चालून जाई, पण आजच्या पॅकिंगला ती चालत नाही.

टॅपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) रबरी पॅकिंगही कोरडेच बसते. रबराच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन लावले की बोल्ट आवळताना रबर घसरते आणि खाचेतून बाहेर येते. इथे सीलंटची जागा एवढीच: टायमिंग कव्हर आणि हेड यांची सांध जिथे वर येते तो कोपरा, आणि कॅमशाफ्टच्या टोकाचा अर्धगोल जिथे सपाट बैठकीला (जोडाच्या पृष्ठभागाला) मिळतो तो कोपरा. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. ओ-रिंग असलेल्या जोडाला तर काहीच लावू नये. रिंगला नवे इंजिन ऑईल चोळावे आणि ती बसवावी.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्यांवर) लाल सिलिकॉन लावलेले मी नेहमी पाहतो. लाल ट्यूबवर मोठा आकडा छापलेला असतो, पण तो फार तर ३०० अंश सेल्सिअसच्या थोडा वर जातो आणि तोही थोड्या वेळासाठी सोसण्याचा असतो. मॅनिफोल्डमधून निघणारा धूर चढावर याच्या दुप्पट तापलेला असू शकतो. त्या जागी धातूचे पॅकिंगच लागते.

गळती जिथे दिसते तिथेच ती असते, असेही समजू नये. तेल वरून ओघळते, वाऱ्याने मागे जाते आणि चेंबरच्या खालच्या काठावर थेंब धरते, म्हणून टॅपेट कव्हर किंवा क्रँकचे ऑईल सील गळत असताना चेंबर खोलला जातो. आधी इंजिन बाहेरून धुऊन कोरडे करावे, संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवावी आणि मग टॉर्च घेऊन खाली पाहावे. पावडरीवर तेलाची काळपट रेघ ज्या ठिकाणी सुरू झालेली असते ते गळतीचे मूळ. हे काम करताना इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळी व तिच्यावरचा पीसीव्ही व्हॉल्व्हही तपासावा. ही वाट चिखलट तेलाने बंद झाली असेल तर क्रँककेसमधला (इंजिनच्या खालच्या पोकळीतला) दाब वाढतो आणि तो इंजिनच्या सगळ्या सांध्यांतून तेल बाहेर ढकलतो. असा दाब असताना एक जोड उत्तम बंद केला तरी महिनाभरात दुसरा गळू लागतो, आणि दोष मात्र सीलंटवर जातो.

दुसरी पायरी: सीलंटच्या जाती ओळखणे

बाजारात रंग आणि नावे पुष्कळ असली तरी गॅरेजच्या कामाचे प्रकार मुळात तीन-चारच आहेत.

पहिला आरटीव्ही सिलिकॉन, म्हणजे साध्या तापमानात वाळणारा. हवेतला ओलावा शोषून तो बाहेरून आत वाळत जातो आणि रबरासारखा लवचिक होतो. काळा, निळा, राखाडी, लाल अशा ट्यूबांत मिळतो आणि आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा असला तरी अनेक जण त्याला 'अ‍ॅनाबाँड' म्हणूनच मागतात. त्याची ताकद म्हणजे तो फट भरतो आणि जोड हलला तरी तुटत नाही. पत्र्याचा ऑईल चेंबर अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकवर बसतो तेव्हा दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळ्या मापाने वाढतात, पत्रा थरथरतो, आणि ही हालचाल झेलण्याचे काम सिलिकॉनच करू शकतो. त्याची उणीव म्हणजे पेट्रोल: पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतो आणि सुटतो, म्हणून कार्बोरेटर किंवा इंधन पंपाच्या जोडावर तो कधीही लावू नये.

सिलिकॉनमध्येही दोन घराणी आहेत आणि हा भेद फार कमी जण पाहतात. एकाला वाळताना शिरक्यासारखा आंबट वास येतो. तो ॲसेटिक प्रकार, म्हणजे वाळताना ॲसिटिक आम्ल सोडणारा. त्यामुळे धातू गंजू शकतो आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरलाही तो धार्जिणा नाही. दुसरा न्यूट्रल प्रकार, ज्याला तसा आंबट वास नसतो. इंजिनसाठी न्यूट्रलच घ्यावा. ज्या ट्यूबवर ऑक्सिजन सेन्सरला सुरक्षित असे छापले आहे तीच घ्यावी, कारण अयोग्य सिलिकॉनमधून निघणारी वाफ ब्रीदरच्या वाटेने इंजिनमध्ये जळते आणि तिची वाळूसारखी राख सेन्सरच्या टोकावर बसून त्याला आंधळा करते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ ही धुराच्या प्रदूषणाची मानके लागू झाली. अशा पेट्रोल गाड्यांत इंधनाचे मोजमाप या सेन्सरवर चालते, म्हणून शंभर रुपये वाचवण्यासाठी काही हजारांचा सेन्सर पणाला लावू नये. न्हाणीघराच्या फरशीचा सिलिकॉन इंजिनला का चालत नाही, याचेही अर्धे उत्तर इथेच आहे. उरलेले अर्धे म्हणजे गरम तेल त्याला सोसत नाही.

दुसरा प्रकार अ‍ॅनएरोबिक. याचे वागणे सिलिकॉनच्या बरोबर उलटे. हवा असेपर्यंत तो ओला राहतो. दोन धातूंच्या मध्ये दबून हवा तुटली की धातूच्या स्पर्शाने घट्ट होतो. म्हणूनच त्याची बाटली कारखान्यातून अर्धवट रिकामी येते. ग्राहकाला वाटते की माल कमी भरला, पण ती हवाच आतल्या मालाला ओला ठेवते. याचा मोठा गुण असा की आतल्या बाजूला दाबून निघालेला भाग वाळत नाही. तो तेलात मिसळून निघून जातो आणि त्याच्या तारा होत नाहीत. लाल रंगाची लॉकटाईट ५१८ ही याची बाजारातली ओळखीची जात असून ती साधारण १५० अंशांपर्यंत चालते. मशिनवर घासून सपाट केलेल्या दोन धातूंच्या जोडाला, जसे की गिअरबॉक्सच्या केसिंगचे दोन अर्धे किंवा ऑईल पंपाचे अंग, याच्याइतके चांगले दुसरे काही नाही. पण फट पाव मिलिमीटरहून जास्त असेल तर तो भरवशाने वाळत नाही, म्हणून पत्र्याच्या चेंबरला तो निरुपयोगी आहे. प्लॅस्टिकच्या कव्हरवरही तो लावू नये, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. अ‍ॅल्युमिनियमवर तो लोखंडापेक्षा सावकाश वाळतो, हेही ध्यानात असावे.

तिसरा प्रकार कधीच न वाळणारा, चिकट राहणारा. रोल्स-रॉईसच्या विमान इंजिनांसाठी तयार झालेला निळा हायलोमार याच जातीचा. कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी पातळ हात द्यायला आणि वारंवार खोलावे लागणारे जोड बसवायला तो सोयीचा आहे, कारण पुढच्या वेळी पॅकिंग फाटत नाही. तेल आणि पेट्रोल दोन्ही त्याला सोसतात. चौथा शेलॅक, म्हणजे लाखेपासून बनवलेला आणि कडक वाळणारा. जुन्या ट्रॅक्टरच्या कागदी पॅकिंगला तो अजून लावतात, पण आधुनिक गाडीत त्याला फारशी जागा उरलेली नाही.

तिसरी पायरी: ट्यूब वाचणे

रंगावर विसंबू नये, हे मी आग्रहाने सांगतो. काळा म्हणजे तेलासाठी, राखाडी म्हणजे घट्ट आवळलेल्या जोडासाठी, लाल म्हणजे उष्णतेसाठी हा ढोबळ रिवाज आहे, नियम नाही. एका कंपनीचा राखाडी आणि दुसरीचा राखाडी यांचे गुण सारखे असतीलच असे नाही. ट्यूबच्या पाठीवर पाच गोष्टी शोधाव्यात. सतत सोसण्याचे तापमान किती, कारण मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा थोड्या वेळासाठीचा असतो. कोणते द्रव सोसतात: इंजिन ऑईल, कूलंट, की गिअर ऑईल. किती फट भरतो. सेन्सरला सुरक्षित आहे का. आणि बनवल्याची तारीख, कारण बहुतेक सिलिकॉन ट्यूबांचे आयुष्य वर्ष-दीड वर्षाचे असते.

गिअर ऑईलबद्दल थोडे अधिक. डिफरन्शिअलमध्ये (मागच्या चाकांच्या गिअरपेटीत) पडणाऱ्या जीएल-५ दर्जाच्या तेलात गंधक आणि फॉस्फरसचे घटक असतात आणि ते साध्या सिलिकॉनला हळूहळू मऊ करतात. गिअर ऑईलचे नाव ट्यूबवर स्पष्ट छापलेले नसेल तर ती ट्यूब मागच्या अ‍ॅक्सलच्या कव्हरवर वापरू नये.

आपल्याकडच्या उन्हाचाही इथे संबंध येतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या छपराखालचे दुकान त्याहून तापते. सीलंट थंड जागी ठेवण्याचा माल आहे. दोन उन्हाळे फळीवर काढलेली ट्यूब स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. दाबून पाहिल्यावर ती कडक किंवा गुठळीदार लागली, किंवा तोंडावरचा पडदा आधीच फुटलेला दिसला, तर ती परत करावी.

चौथी पायरी: जोडाला ट्यूब जुळवणे

पत्र्याचा ऑईल चेंबर: न्यूट्रल, तेल सोसणारा, लवचिक काळा आरटीव्ही. अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव चेंबर आणि टायमिंग कव्हर: त्यातल्या त्यात कडक वाळणारा राखाडी आरटीव्ही, जपानी घडणीच्या कितीतरी इंजिनांत या जागी कारखान्यातूनच पॅकिंग नसते, सीलंटच असतो, त्यामुळे पॅकिंग मिळाले नाही म्हणून घाबरून कागद कापून घालू नये. कागदाची जाडी आली की कव्हर तेवढे बाहेर सरकते आणि त्यातल्या ऑईल सीलची किंवा पंपाची जागा बिघडते.

थर्मोस्टॅटचे घर आणि वॉटर पंप यांच्यासाठी कूलंट सोसतो असे लिहिलेलाच सीलंट घ्यावा. आमच्या भागातला अनुभव असा की रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरलेले असते. त्या जड पाण्याने अ‍ॅल्युमिनियमच्या बैठकीवर पांढरी खर बसते आणि तिच्याखाली खड्डे पडतात. खड्डा वरवरचा असेल तर पॅकिंगसोबत सीलंटचा पातळ हात त्याला भरून काढतो. पण नख अडकेल एवढा खोल खड्डा पाण्याच्या वाटेपासून बाहेरच्या काठापर्यंत गेला असेल तर बैठक मशिनवर घासून घ्यावी किंवा घर बदलावे.

पाचवी पायरी: बैठक तयार करणे

या पायरीला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो, आणि चेंबरच्या कामात निम्म्याहून अधिक वेळ इथेच गेला पाहिजे. जुना सीलंट पूर्ण निघाला पाहिजे, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवा सिलिकॉन धरत नाही. प्लॅस्टिकची किंवा पितळेची खरवडणी वापरावी. अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलचे पाते किंवा स्क्रू ड्रायव्हर चालवला की ओरखडा पडतो आणि तो ओरखडाच पुढे तेलाची वाट होतो. ड्रिलला घासणीची चकती लावून बैठक चकचकीत करण्याचा मोह होतो, तो आवरावा. चकतीचे बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत, ते इंजिनमध्ये पडतात आणि बेअरिंग खातात. खरवडताना उघड्या इंजिनच्या वाटांवर स्वच्छ कापड दाबून ठेवावे.

पत्र्याचा चेंबर असेल तर तो काचेवर किंवा सपाट लाकडी फळीवर उलटा ठेवून पाहावा. आधीच्या कोणी बोल्ट अति आवळलेले असतील तर प्रत्येक छिद्राभोवती पत्रा ब्लॉकच्या बाजूला उचलला गेलेला दिसतो, आणि दोन बोल्टांच्या मधला भाग मागे राहतो. त्या फुगवट्याखाली कठीण लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातोडीने ठोकत पत्रा सपाट करावा. सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) फट मोजत जावे. हे न करता नुसता सीलंट जाड लावला तर उचललेल्या जागी सगळा दाब जातो आणि मधल्या जागी काहीच दाब नसतो. फार वाकलेला चेंबर बदलावा.

बोल्टांची छिद्रेही कोरडी करावी. आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या छिद्रात तेल किंवा सीलंट साचलेला असेल आणि त्यात बोल्ट आवळला तर द्रवाला जायला जागा नसते आणि अ‍ॅल्युमिनियमची ओतीव भिंत तडकू शकते. जे छिद्र थेट पाण्याच्या किंवा तेलाच्या वाटेत उघडते, त्या बोल्टाच्या आट्यांना मात्र आट्यांचा सीलंट लावावा.

शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲसिटोन किंवा ब्रेक क्लीनरने करावी. पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल ही धुण्याची साधने आहेत. ती वाळल्यावर तेलकट पापुद्रा मागे ठेवतात आणि त्यावर सीलंट धरत नाही. कापसाच्या मुलखात राहूनही या कामाला कॉटन वेस्ट वापरू नये, त्याचे तंतू बैठकीवर राहतात आणि प्रत्येक तंतू ही तेलाला बाहेर येण्याची वात असते. धागे न सोडणारे, धुतलेले जुने सुती कापड बरे. पुसल्यानंतर बैठकीला बोट लावू नये. वरून तेल ठिबकत असेल तर रात्रभर निथळू द्यावे. घाईत लावलेल्या जोडावर तेलाचा एक ओघळ आला की तेवढी जागा उघडी राहते.

सहावी पायरी: धार ओढणे

किती सीलंट लागतो, याचा हिशेब एकदा मांडून पाहिला की हात आपोआप आवरतो. चारचाकीच्या चेंबरचा काठ सगळा मिळून सुमारे १२०० मिलिमीटर धरू. तीन मिलिमीटर व्यासाच्या गोल धारेचे काटछेद क्षेत्र सात चौरस मिलिमीटर होते. म्हणजे पूर्ण चेंबरला ८४०० घन मिलिमीटर, म्हणजे साडेआठ मिलिलिटरच्या आत सीलंट लागतो. शंभर ग्रॅमच्या ट्यूबचा हा लहानसा भाग आहे. अर्धी ट्यूब संपली असेल तर उरलेला माल कुठे गेला, हे सावद्याच्या त्या पिकअपच्या स्ट्रेनरने दाखवले आहे.

हाच हिशेब पुढे नेला तर धारेची जाडीही ठरते. तीन मिलिमीटरची धार दबून ०.६ मिलिमीटर जाडीची झाली तर ती बारा मिलिमीटर रुंद पसरते, म्हणजे जवळपास पूर्ण काठ भरतो. तीच धार सपाट ओतीव चेंबरखाली ०.३ मिलिमीटरवर दबली तर तिला तेवीस मिलिमीटर रुंदी लागेल, आणि काठ तर बाराचाच आहे. जास्तीचा माल दोन्हीकडे बाहेर पडणार. म्हणून थोड्या उंचसखल पत्र्याला तीन आणि चांगल्या सपाट काठाला दोन मिलिमीटर, असे मी धरतो. कंपनीच्या माहितीपुस्तकात माप दिले असेल तर अर्थातच तेच पाळावे, विशेषतः काठावर सीलंटसाठी खाच असेल तेव्हा.

नोझल त्या मापाला तिरपे कापावे. धार एकाच भागावर लावावी, दोन्हींवर नाही. ती बोल्टांच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने न्यावी आणि प्रत्येक छिद्राला बाहेरूनही वळसा द्यावा, म्हणजे छिद्रातून तेल झिरपणार नाही. हात एकाच वेगाने चालवावा. सुरुवात दोन बोल्टांच्या मधल्या सरळ जागी करावी, कोपऱ्यात नाही, आणि शेवट सुरुवातीवर थोडा चढवावा. धार तुटली तर तिथे ठिपका भरून वेळ मारून नेऊ नये. पुसून ती बाजू पुन्हा ओढावी, कारण तुटलेल्या जागी हवेचा बुडबुडा अडकतो. बोटाने धार पसरवून फासण्याची सवयही सोडावी. अ‍ॅनएरोबिकची गोष्ट वेगळी आहे, तो छोट्या रोलरने अगदी पातळ पसरवला तरी चालतो.

सातवी पायरी: बसवणे, आवळणे, थांबणे

धार ओढण्याआधी सगळे बोल्ट, पाने आणि मदतीचा हात तयार असावा, कारण सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत कातडी धरते आणि कातडी धरलेला सीलंट समोरच्या बैठकीला चिकटत नाही. मी पाच मिनिटांची मुदत मानतो. चेंबर सरळ वर न्यावा, घसरवून जागेवर आणू नये. दोन बोल्टांची डोकी कापून बनवलेले खुंट वाट दाखवायला फार उपयोगी पडतात.

बोल्ट आधी हाताने लावून घ्यावेत, मग मधल्यापासून सुरुवात करून बाहेर, आडवे-तिडवे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. दहा नंबरच्या पान्याचे हे बोल्ट बहुधा ८ ते १२ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात, आणि लांब पान्याला मनगटाचा जोर दिला की तो आकडा केव्हाच मागे पडतो. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) नसेल तर लहान टी-पाना बोटांच्या पकडीत धरून आवळावा. काही ट्यूबांवर आधी हलके आवळून तासभर थांबा आणि मग पूर्ण आवळा असे लिहिलेले असते. ती पद्धत जाड, रबरी पॅकिंगसारखा थर हवा असेल तिथे चालते. धातूला धातू टेकायला हवा अशा जोडात लगेचच पूर्ण आवळणे बरे. दोन्ही पद्धतींत वाळल्यानंतर पुन्हा "एक चक्कर आवळून घेऊ" असे करू नये, त्याने तयार झालेला थर तुटतो.

तेल भरण्याची घाई हे गळतीचे आणखी एक कारण. सिलिकॉन काठापासून आत दिवसाला दोन-तीन मिलिमीटर वाळत जातो. काही कंपन्या दोन तासांनी तेल भरायला हरकत घेत नाहीत, पण गाडी घाटात किंवा भरल्या वजनाने जाणार असेल तर मी चोवीस तास मागून घेतो, आणि केळीची खेप अडली म्हणून मालक रागावला तरी ते सोडत नाही. ऋतूचाही विचार करावा. पावसाळ्यात हवेत ओलावा भरपूर, म्हणून कातडी फार लवकर धरते आणि हात झपझप चालवावा लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंड, कोरड्या रात्री वाळण्याचा वेग सर्वांत कमी असतो, तेव्हा एक दिवस जास्त द्यावा. मे महिन्यात काम सकाळी लवकर करावे. उन्हात राहिलेल्या चेंबरला हात लावला तर चटका बसतो, आणि तशा तापल्या धातूवर धार दबण्याआधीच वरून सुकते.

वाळल्यावर तेल भरावे, इंजिन काही मिनिटे चालवावे, दिवा विझलेला पाहावा आणि रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरावे. सकाळी कागद कोरडा असेल तर पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा खालून पाहावे.

उरलेल्या ट्यूबच्या नोझलमध्ये सीलंटचा खुंटा तसाच वाळू द्यावा, तो आतल्या मालाला हवेपासून वाचवतो. पुढच्या वेळी पक्कडीने ओढला की सबंध निघतो. ट्यूबवर उघडल्याची तारीख मार्करने लिहावी, ती घट्ट झाकणाच्या डब्यात घालावी आणि डबा पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावा. अ‍ॅनएरोबिकच्या दोन अर्ध्या बाटल्या मात्र एकत्र करून एक काठोकाठ भरू नये. हवा न उरल्यामुळे ती बाटलीतच घट्ट होऊ शकते.